कर्टुल्याचे नर वेल

धर्मापुरी
४ ऑगस्ट

ती. वर्षाताईस, परमेश्वरचा शि. सा. न. वि. वि.

कागद आठ दिवस उशाला पडून हाय. रोज दोन ओळी लिहायचो, तेवढ्यात कुणाची तरी म्हैस सुटायची आन् मी तिच्यामागं. खरं सांगू? म्हैस निमित्त. लिहायला धीर होत न्हवता. मोबाइल विहिरीत पडला, आन् शेजारच्या फोनवर बोलावं तर माय कान देऊन बसती. म्हणून सोमेश्वर दूधवाल्याच्या हाती हे पत्र. त्यानं नवी गाडी घेतली, तिचा हॉर्न असा की कोंबड्या पत्र्यावर चढतात. जाऊ दे.

तर मायनं औंदा शेताच्या तुकड्यात कर्टुल्याचे गड्डे लावले, हे तुला ठाऊक हाय. बाजारात लोक कर्टुल्यावर तुटून पडतात. हे पीक साधलं तर पंधरा वर्षांत पहिल्यांदा ऊसतोडीला जायचं न्हाई, असं ती सगळ्या गल्लीला सांगून बसली. मागल्या महिन्यात ती दोन दिवस मावशीकडं चकलांब्याला गेलती. मी वेलांच्या मांडवाखाली बघतो तर काही फुलांच्या बुडाशी बारकं काटेरी फळ, काहींच्या बुडाशी नुसता देठ. शेजारच्या शेतातला तात्याबा बांधावरून म्हणला, की वांझ वेलाला कावून पाणी पाजतो बे. मला पटलं. देठवाले सगळे वेल गड्ड्यासकट उपटून उन्हात फेकले. लई घाम गाळला, ताई. माय आल्यावर तिला म्हणलो, ते गड्डे कुजले होते.

आता उरलेल्या वेलांची फळं पिवळी पडून गळतात. माय राख टाकती, पाणी वाढवती आन् माझ्याकडं बघती. पाकिटात दोन फुलं हायेत, एक उरलेल्या वेलाचं, एक त्या वाळक्या ढिगातलं. तू फुलांचंच शिकतीस, काय ते सांग.

लोभ हायेच, या वेळी जरा जास्त लागंल.
तुझा परमेश्वर

अंबाजोगाई
६ ऑगस्ट

चि. परमेश्वरास अ. उ. आशीर्वाद, आणि एक धपाटा.

दोन्ही फुलं भिंगाखाली ठेवून पाहिली. देठवाल्या फुलात परागाची पिवळी पूड होती. अरे बाळा, तो वेल वांझ नव्हता, नर होता! भोपळा, दोडका, कारलं, कर्टुलं ही सगळी एकाच कुळातली भावंडं. पण दोडक्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी दोन्ही फुलं येतात. कर्टुल्यात नराचा वेल निराळा, मादीचा निराळा. तुला दिसलं ते काटेरी फळ अजून फळ नव्हतंच, ते फुलाचं अंडाशय. आतल्या बीजांडांना पराग पोचला तर ते फुगतं, नाही तर गळतं. तात्याबाला विचार, गावात नुसत्या बायाच ठेवल्या तर बारशाचं जेवण कुठं जेवणार?

उपाय आहे. शाळा बुडवून ज्या डोंगरात फिरायचास, तिथं कर्टुल्याचे रानवेल आहेत. फुलं संध्याकाळी उमलतात. नराची तेवढी तोड, ओल्या फडक्यात आण, पाकळ्या काढ आणि मादीच्या फुलात मधोमध जो चिकट भाग असतो त्यावर हळूच टेकव. एक नरफूल सात-आठ फुलांना पुरतं. रोज करायचं, एकही दिवस चुकवायचा नाही. आणि आधी मायला सगळं सांग. लपवलंस तर मी येऊन सांगेन.

मायला नमस्कार. तुझ्यावरची माया आहे तेवढीच आहे, घाबरू नकोस.
तुझी ताई

धर्मापुरी
१९ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मायला वाचूनच दाखवलं. धपाट्याची ओळ गाळली, ती तिनं आपणहून पुरी केली. मग म्हणली, की बावीस वर्षं तुला बी एक फळ लागलं न्हाई, मी उपटला का तुला?

डोंगरातल्या कुठल्या बाभळीवर नर चढलाय हे मला पाठ. पण पहिल्याच दिवशी एका मोरामागं गेलो आन् फुलं फडक्यात सुकली. माय रागावली न्हाई, नुसती मांडवाकडं बघत बसली. त्या दिवसापासून सरळ जातो, सरळ येतो. कोयता धरून तिच्या बोटांना घट्टे पडलेत, पण फूल असं टेकवती, जसं लेकराच्या डोळ्यात काजळ घालावं. पहिल्यांदा पराग लावलेली फळं आता हिरवीगार टरारलीत. नजर लागंल म्हणून मला मोजू देत न्हाई.

तुझ्या भिंगाला माझा नमस्कार. मायेत खंड पडू देऊ नको.
तुझा परमेश्वर

ता. क. पाकीट बंद करणार तेवढ्यात बांधावर गाडी थांबली. धोंडीराम मुकादम! पोळ्याआधी तो कधी कुणाच्या दारात येत न्हाई. औंदा ऊसतोडीच्या टोळीत मायचं नाव धरायचं का, ते विचारायला आलाय. माय मांडवाखालून वळलीसुद्धा न्हाई. मला म्हणती, की त्याला बाजंवर बसव, चहा पाज आन् सांग, फुलं मिटायच्या आत माझी वेलांची अजून एक ओळ राहिलीय.