शेवटच्या पानावरची नऊ अक्षरं

न्यू लिन, ऑकलंड
सोमवार, १० नोव्हेंबर २००८

चि. गंधारला,

आजीचे आशीर्वाद. इकडे सगळे जिवंत आहेत, तिकडचं तू कळव.

पाकीट बघून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. फोन तू उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. दुसरी पास बाईचं लिहिणं आहे, ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नकोस. तू पाचवीपर्यंत मिरजेच्या शाळेत होतास, तेवढ्यावर वाचता येईल.

टौरंगाला किवीच्या बागेत कळ्या खुडायचं काम धरलंयस असं तुझी आई म्हणाली. दिवसभर हात वर करून मान धरते म्हणे. मग धर म्हणावं. अक्षरं काढणाऱ्या हातानं कळ्या खुडायच्या, त्यातून मान धरणार नाही तर काय होईल. मानेला तेल लाव. खोबरेल मिळत नसेल तर जे मिळेल ते लाव.

तुझा बाप बोलत नाही. क्रिकेट लावतो आणि बघत नाही. तुझी आई मृदुला म्हणते, "आई, त्याला थोडा वेळ द्या." मी म्हटलं, वेळ काय माझ्या डब्यात भरून ठेवलाय? रविवारी अवोन्डेलच्या बाजारातून मेथी आणली. ती चौघांची होते, तुझ्याशिवाय आम्ही तिघंच आहोत, उरते.

फ्रीजवर तू लावलेले अक्षरांचे कागद तसेच आहेत. मृदुला काढायला निघाली होती, मी काढू दिले नाहीत. पहिल्यांदा तू ते लावलेस तेव्हा तुझी इमास मला वाचून दाखवत होती, क, ग, ङ. मी म्हटलं, ही आपलीच की! मग म्हटलं, ख कुठाय? घ कुठाय? तू म्हणालास, आजी, त्यांच्यात नसतात. मी विचारलं, ख नाही, मग खातात काय? ती पोरगी काही न कळता माझ्याआधी हसली. चांगली पोरगी आहे. तिकडे इंडोनेशियातल्या बांडुंगची असेना का.

झालं काय ते मला तुकड्यातुकड्यानं कळलं. लावून बघते, चुकलं तर सांग. इमासचे आजोबा, ज्यांना ती अकी म्हणते, गावाकडे मास्तर. त्यांची जुनी सुंदानी अक्षरं आता कुणी लिहीत नाही, पोरं सगळी इंग्रजी अक्षरांत लिहितात. अकींनी तरुणपणी ताडाच्या पानांवरून ती एका वहीत उतरवून घेतली. आता लकव्यानं त्यांचा हात गेला. ती वही इमासच्या आईनं ऑक्टोबरच्या सुरुवातीला इथं आणून दिली आणि तू वर्षभर चाललेली कॉम्प्युटरची नवी अक्षरं तिच्यावरून पुरी करत होतास, सरळ, सडपातळ, मोबाइलवर बसतील अशी. वहीच्या शेवटच्या पानावर नऊ अक्षरं अशी होती की ती फक्त त्यांच्या गावच्या पोथीत सापडली, दुसरीकडे कुठं नाहीत. दिवाळीनंतर तू छापलेला कागद अकींना पाठवलास. म्हाताऱ्यानं बघितला, आणि त्या नऊपैकी काही आपली नाहीत म्हणाला. कुठली ते बोलून सांगता येईना, नुसता मान हलवत राहिला.

मग इमास आपल्या स्वयंपाकघरात येऊन वही खिडकीशी धरून म्हणाली की शाई नवी आहे, तू वहीत हात घातलास.

एवढंच ना? मला त्यांचं इंग्रजी काय कळतंय. मी वाटाणे सोलत होते.

चूक कुणाचीही असते. माणसानं एवढं मनाला लावून घेऊ नये. वर्षभराचं काम टाकून कळ्या खुडायला जाऊ नये. जेवण वेळेवर कर.

तुझी
आजी


न्यू लिन
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

चि. गंधार,

आशीर्वाद.

तू आईच्या मोबाइलवर निरोप पाठवलास तो तिनं मला वाचून दाखवला. "आजीला सांग, पत्रं नको. मी कॉलेजला कळवलंय, फाँट देणार नाही. जे काम चोरीचं ठरलं त्याच्यावर मला नाव नको."

मृदुला वाचता वाचता रडायला लागली. मी गॅस बंद केला, दुसरं काही सुचलं नाही.

कॉलेजला सोमवारी पुन्हा कळव की देणार आहे. रागात लिहिलं म्हणून सांग. लोक रागात लिहितात.

आता पाण्याचं सांगते.

दसऱ्याला तुम्ही तिघंही कामावर होतात. इथं दसरा गुरुवारी येवो नाहीतर शनिवारी, सुट्टी कोण देतंय. आपल्या मिरजेच्या दुकानात दसऱ्याला तुझ्या आजोबांचे ब्रश धुऊन, तेल पुसून ओळीनं मांडायचे, रंगाचे डबे मांडायचे आणि पूजा करायची. इथं ब्रश नाहीत. हत्यार म्हणजे तुझा कॉम्प्युटर, तुझी ती पेनं आणि ती वही. एवढ्या लांबून आलेली, म्हाताऱ्याच्या हातची विद्या, तिला हळद-कुंकू न लावता दसरा कसा करायचा? मी वही पाटावर उघडली. शेवटचं पान उघडलं, कारण त्याच्यावर लिहिलेलं कमी होतं, कुंकवाला जागा होती. फूल बुडवून पाणी शिंपडलं.

शाई असली की पाणी शिंपडायचं नाही हे मला कळायला हवं होतं. आमचे रंग तेलाचे. त्यांच्यावर घागर ओतली तरी काही होत नाही. साठ वर्षांत मी शाईची पूजा केलेली नाही.

पानावर निळे डाग पसरले. मी पदरानं टिपलं. टिपलं तर आणखी पसरलं.

तू संध्याकाळी विचारलंस, "आजी, हा पिवळा डाग कसला?" मी म्हटलं, जुन्या कागदाला पडतातच. तू म्हणालास, "स्वीट ॲज," आणि कामाला बसलास. मी विचारलं त्याचा अर्थ काय, तर म्हणालास, ठीक आहे असा.

तर शाई हलली ती पाण्यानं. तू काही केलेलं नाहीस. हे इमासला कळव. पाण्याचं सांग. बाकी काही नाही.

आजी


न्यू लिन
मंगळवार, १८ नोव्हेंबर

गंधार,

बाकी काही नाही असं लिहिलं होतं. बाकी आहे. हे पत्र बसून वाच.

पाण्यानं शाई पसरते, नवी होत नाही. हे तुला कळलं असणारच, तू मूर्ख नाहीस. कळूनही तू मला विचारलं नाहीस, म्हणून मला जास्त लागलं.

पान सुकवलं. मेणबत्तीवर नाही, खिडकीत, उन्हात. नऊपैकी काही अक्षरं नुसता निळा धूर झाली होती. काही अर्धी होती. तुम्ही यायला तीन तास होते. मी तुझ्या टेबलावरचं निळ्या शाईचं पेन घेतलं.

तुझे आजोबा बोर्डावर अक्षराची रेघ आखायचे आणि मी आत रंग भरायचे. बत्तीस वर्षं. दुकानांचे बोर्ड, बँकांचे, शाळांचे, ट्रकच्या पाठी. मला नीट वाचता येत नव्हतं तेव्हापासून भरते आहे. अक्षर पुसट झालं, पाऊस लागला, पोपडा निघाला, की उरलेल्या रेघेवरून पुढची रेघ कुठं जाणार ते मला कळतं. गिऱ्हाईक म्हणायचं, अगदी होतं तसं झालं. तर मला वाटलं, हे काय वेगळं आहे? उरलं होतं त्याच्यावरून मी पुढचं ओढलं. जिथं काहीच उरलं नव्हतं तिथं बाकीच्यांचं वळण बघून बसवलं. उलटं धरून बघितलं, तोल बरोबर होता. परत सुलटं केलं.

भीतीनं केलं असं म्हणायला मला आवडेल. पहिलं अक्षर भीतीनं केलं. दुसऱ्यापासून हात लागला.

दोन दिवसांनी तू ते पान उतरवून घेतलंस, मोठं करून छापलंस आणि फ्रीजवर लावून मला हाक मारलीस. "आजी, ही शेवटच्या पानावरची बघ. हीच सगळ्यात भारी आहेत. हीप्स भारी, खूपच भारी! सगळा फाँट मी यांच्या वळणावर नेतोय." तेव्हा सांगायचं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं, अकींना विचारता आलं असतं. मी कागदाजवळ गेले, बघितलं आणि म्हटलं, बरी आहेत.

बत्तीस वर्षांत माझं अक्षर कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. अक्षर माझं नव्हतंच कधी, रंग माझा असायचा. त्या सुखासाठी मी गप्प बसले. आणि तू माझ्या त्या खोट्या वळणावर त्या लोकांची सगळी अक्षरं नेलीस.

त्या दिवशी स्वयंपाकघरात इमास बोलत होती ते मला सगळं कळलं. एवढं इंग्रजी मला येतं, डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे, जाऊन दूध आणि तिकिटं घेते मी. ती म्हणाली, माझ्या आजोबांची वही तू खोटी केलीस. तू म्हणालास, मी त्या शाईला हात लावलेला नाही. तुझा बाप म्हणाला, "मग काय आपोआप झालं?" आणि तू माझ्याकडे वळलास. मराठीत विचारलंस. "आजी, तू सांग यांना. मी असं करीन का?"

मी वाटाण्याची शेंग मोडली. त्या शेंगेत चार दाणे होते. तू दार लावून गेलास तेव्हा ते माझ्या मुठीत होते.

काल सकाळी मी बसनं अवोन्डेलला इमासच्या घरी गेले. कुणाला सांगितलं नाही. घाईत मृदुलाचे जँडल, त्या रबरी चपला, घालून गेले, साडीवर, लोक बघत होते. इमासनं दार उघडलं. "आजी?" म्हणाली. मागे बघितलं, तू आलायस का म्हणून. मग तोंड बंद केलं.

मला सांगायचे शब्द नव्हते. मी टेबलाशी बसले, तिच्याकडे कागद मागितला, पेन मागितलं. आणि शेवटच्या पानावरचं दुसरं अक्षर काढलं. मग चौथं. मग सातवं. न बघता, वहीत आहेत तशी. हात कापत नव्हता, कापायला हवा होता.

ती बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "यू?"

मी म्हटलं, यू नाही, मी. मी. गंधार नो.

ओरडेल वाटलं होतं. तिनं आतून वही आणली, शेवटचं पान उघडलं आणि माझ्यासमोर पेन्सिल ठेवली. बोट फिरवून खूण केली. तुझी कुठली आहेत, त्यांना गोल कर.

गंधार, मला ओळखता येईना.

तीन केली. ती नक्की माझी. दोन नक्की म्हाताऱ्याची, त्यांची शाई जुनी, फिकी निळी आहे. उरलेल्या चारांत मी त्यांच्या रेघेवरूनही पेन फिरवलं होतं, तिथं माझी पेन्सिल थांबली. कुठं त्यांची रेघ संपली आणि कुठं माझी सुरू झाली, ते मलाच दिसेना. वही उजेडात धरली, उलटी धरली. चष्मा काढला, घातला. मी इतकं बेमालूम केलं होतं. ती समोर उभी होती, आणि मला एकदा वाटलं, कुठल्याही दोनांना गोल करावं आणि सुटावं. पेन्सिल टेकवलीसुद्धा. मग खाली ठेवली.

ती खुर्चीत बसली आणि तोंडावर हात घेऊन रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. कुठल्या तोंडानं ठेवणार?

निघताना तिनं कॅलेंडर दाखवलं. शनिवार, बावीस. ती आजोबांकडे चालली आहे. म्हातारा आता सूप गिळत नाही असं तिच्या आईनं कळवलंय. बोलता येत नाही पण बघता येतं, मान हलवता येते. त्या चारांतलं एकेक त्यांच्यासमोर धरून, ही रेघ आत की बाहेर, ही वर की खाली, असं विचारणारा माणूस हवा. शंभर वेळा काढून दाखवावं लागेल. ते इमासला येत नाही. ते तुला येतं. म्हातारा गेला की ती चार अक्षरं जगात कुणालाच माहीत नाहीत. माझी खोटी तेवढी राहतील, छान दिसतात म्हणून.

इमास "त्याला बोलाव" असं म्हणाली नाही. खोटं सांगणार नाही. तिनं नुसतं तारखेवर बोट ठेवलं. त्याचा अर्थ तू लाव.

तुझ्या बापाला आज जेवताना सांगितलं. तो ताटावरून उठला. मृदुला म्हणाली, "आई, तुम्ही महिनाभर आमच्याकडे बघत होतात." बघत होते. आता ती माझ्याशी कामापुरतं बोलते, आणि ते बरोबर आहे.

मला माफ कर असं लिहिणार होते. त्याला आता वेळ नाही, ते तुझं तू नंतर बघ, नाही केलंस तरी चालेल. शुक्रवारची बस पकड. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, घरी येऊ नकोस, सरळ विमानतळावर जा. पण जा.

हे पत्र बरोबर ने आणि इमासकडून अकींना त्यांच्या भाषेत वाचून दाखव. मिरजेच्या बोर्डांवर कोपऱ्यात तुझ्या आजोबांचं नाव असायचं, माझं कधी नव्हतं आणि मी कधी मागितलं नाही. या कामाखाली मात्र माझंच नाव हवं, म्हणून पुरतं लिहिते आहे, म्हाताऱ्याला कळू दे कुणी केलं.

वासंती तुकाराम पेंटर,
हिनं केलं. गंधारनं नाही.