जुना शब्द रद्द

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, सत्तरीला टेकलेली, पेशाने निवृत्त संगणक अभियंता, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर आपल्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. आधीचं मृत्युपत्र मी रद्द करते. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पोटातल्या गाठीबद्दल त्यांनी जे सांगितलं तेही मला नीट समजलं आहे, म्हणून ही घाई.

वकीलबाईंनी मसुदा करून दिला होता. चांगला होता, पण त्यात मी कुठे सापडेना. तेव्हा त्यांची कायद्याची भाषा ठेवून मधेमधे माझं घुसडलं आहे. त्या कपाळाला हात लावतील. लावू देत.

१. माझे वारस तीन. माझे पती, ज्यांना पुढे नुसतं "हे" म्हटलं आहे, कारण आयुष्यभर तसंच म्हणत आले. मुलगा, म्हणजे थोरला. मुलगी, म्हणजे धाकटी. हे हयात आहेत, प्रकृतीने धडधाकट आहेत, पण स्मरणशक्ती गेली आहे.

२. दुसऱ्या मजल्यावरची राहती जागा आम्हा दोघांच्या नावावर आहे. तिच्यातला माझा हिस्सा धाकटीला मिळावा, तो या अटीवर की हे असेपर्यंत त्यांना या घरातून कोणी हलवायचं नाही. थोरल्याने यात राग मानू नये. त्याच्यावर माझी माया कमी नाही, कारण वेगळं आहे आणि ते पुढे येईल.

३. बँकेतल्या पैशांतून आधी यांचा खर्च भागवावा, उरेल ते दोघा भावंडांनी निम्मं निम्मं घ्यावं. माझा जुना कीबोर्ड थोरल्याला. लहानपणी त्यानेच त्यावर दूध सांडलं होतं आणि मूग गिळून बसला होता. एक बटण अजून अडकतं. यांची स्क्रूड्रायव्हरची पेटी धाकटीला, तिला वापरता येते.

४. आता कामाविषयी, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. हे आणि मी एकाच कंपनीत होतो. लोक संगणकावर खातं उघडताना पासवर्ड ठेवतात. तो पक्का आहे की कोणीही सहज ओळखेल असा आहे, हे तपासणारा भाग मी लिहिला. कच्चा असला की लाल पट्टी, बरा असला की पिवळी, पक्का असला की हिरवी. मी लिहायचं आणि यांनी ते फोडून दाखवायचं, अशी कामाची वाटणी. बायकोचं नाव, मुलांची नावं, जन्मतारीख, गाडीचा नंबर, असलं सगळं हे आधी घालून बघत आणि माझ्याकडून एखादं निसटलं की दिवसभर डोकं खात. मला "लाल पट्टी" म्हणायला यांनीच सुरुवात केली. लग्नानंतरही ते थांबलं नाही.

एक गोष्ट मी हट्टाने करून घेतली. नुसतं "चालणार नाही" म्हणायचं नाही, का चालणार नाही तेही सांगायचं. "यात तुमचं नाव आहे." "हा शब्द पुष्कळ लोक वापरतात." माणसाला दारातून परत पाठवायचं तर कारण देऊन, नीट बोलून पाठवावं, असं माझं मत होतं आणि आहे. मोठ्या साहेबांचा मात्र पट्टीवर राग. "गिऱ्हाईक वैतागतं, काढून टाका," म्हणायचे. पुढे दुसऱ्या एका कंपनीची खाती फुटली आणि आमची टिकली, तेव्हा हेच साहेब कल्पना आपलीच म्हणून सत्कार घेऊन आले आणि आमच्या तोंडाला पानं पुसली. साहेबांना मी काहीही ठेवत नाही. हे मुद्दाम लिहिते, म्हणजे चुकून राहून गेलं असं कोणाला वाटायला नको.

५. यांच्या आजाराविषयी. आधी किल्ल्या विसरायला लागले, मग रस्ते, मग माणसं. एकदा सकाळी गोळ्या घेऊन गेले तर खोलीच्या दारात आडवे उभे.

"कोण तुम्ही?"

"अहो, मी."

"मी म्हणजे कोण? परवलीचा शब्द सांगा."

मला थट्टा वाटली. मी नाव सांगितलं. "कच्चा. नाव कोणीही सांगेल." लग्नाची तारीख सांगितली. "कच्चा. तारखा चालत नाहीत." मुलांची नावं घेतली. "घरच्यांची नावं घालायची नसतात, एवढंही माहीत नाही?" माझेच नियम, आणि माझ्याच तोंडावर. शेवटी रडकुंडीला येऊन मी जे मनात आलं ते बोलून गेले: "जिन्याखालचं टेबल, एकच डुगडुगणारी खुर्ची, आणि तुम्ही म्हणालात, तुम्ही बसा, मी उभ्याने करतो."

आमच्या नोकरीचा तो पहिला दिवस. आम्ही तो कधी कोणाला सांगितला नव्हता. यांनी चौकटीवरचा हात काढला. "पक्का," म्हणाले, आणि बाजूला झाले.

तेव्हापासून रोज सकाळी मी ते वाक्य म्हणायचं आणि यांनी माझ्या हातून गोळ्या घ्यायच्या, चहा घ्यायचा, दाढी करून घ्यायची. येणाऱ्या-जाणाऱ्यांना माझी कीव यायची. मला तसं वाटत नव्हतं. म्हातारपणी रोज सकाळी नवऱ्याने ती खुर्ची आठवून आपल्याला आत घ्यावं, हे किती जणींच्या नशिबात असतं? मला त्याची ओढ लागली होती, हे खरं आहे.

मग मला दवाखान्यात ठेवलं. मी फोनवरून ते वाक्य थोरल्याला सांगितलं. त्याने ते जसंच्या तसं म्हटलं. हे म्हणाले, "शब्द बरोबर आहे, माणूस वेगळा आहे. चोरीला गेलाय." आणि आतून कडी लावली. जेवण नाही, पाणी नाही, औषध नाही. आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. शेवटी थोरल्याने मला दवाखान्यातून चाकांच्या खुर्चीत बसवून आणलं आणि माझ्या तोंडून ते वाक्य ऐकल्यावर कडी निघाली. हे वाळून गेले होते.

थोरला स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "आई, तू नसशील तेव्हा बाबांना संस्थेत ठेवू. मी एक बघून आलोय."

"तिथे जवळ येऊ देतील का हे कोणाला?"

तो खाली बघून म्हणाला, "जे ऐकत नाहीत त्यांना इंजेक्शन देतात. मग भरवतात."

त्याने लपवलं नाही, म्हणून मी त्याला दोष देत नाही. मरणाचं मला तेवढं भय नव्हतं. माझ्या मागे यांना घास भरवणार कोण, एवढाच प्रश्न होता.

६. उत्तर माझ्याच नियमांत होतं. शब्द दुसऱ्याला देता येत नाही, बदलता येतो. बदलायचा तर आधी जुना सांगावा लागतो. आणि नवा लागला की जुना मेला. तो पुन्हा कधी चालत नाही.

एके दुपारी मी धाकटीला घेऊन यांच्यासमोर गेले. "शब्द बदलायचाय," म्हटलं. हे खुर्चीत ताठ झाले, कित्येक महिन्यांत बसले नव्हते असे.

"आधी जुना सांगा."

मी सांगितला. सावकाश म्हटला, एकेक शब्द. शेवटचा म्हणून म्हटला.

"बरोबर. आता नवा?"

"नवा ही सांगेल."

धाकटीने आपलं लाडाचं नाव सांगितलं. "कच्चा." घराचा जुना पत्ता सांगितला. "कच्चा. पाकिटावर लिहिलेला असतो." तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "बाबा, थांबा, एक आहे." मी तिथून उठले. आमच्या ऑफिसात कोणी पासवर्ड टाकायला लागलं की बाकीचे तोंड फिरवायचे. ती सवय हाडीमाशी मुरली आहे. मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं. आतून आधी तिचं बोलणं पुसट ऐकू आलं आणि मग यांचं हसणं. यांचं हसणं मी विसरून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच गोळ्या घेऊन गेले. नियम मला पाठ होता, मीच लिहिलेला. पण यांना काल काय जेवलो ते आठवत नाही, तेव्हा हेही विसरले असतील, अशी वेडी आशा. मी ते वाक्य म्हटलं. यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हा जुना आहे, बाई. बदललाय." आणि मला वाईट वाटू नये म्हणून पुढे म्हणाले, "तुमची चूक नाही. तुम्हाला कळवायचं राहिलं असेल."

मी गोळ्या धाकटीच्या हातात दिल्या. तिच्याकडून यांनी निमूट घेतल्या. मी न्हाणीघरात नळ सोडून पोटभर रडले.

धाकटी मागे लागली, "आई, मी सांगते ना तुला नवा शब्द." मी तिला शपथ घातली. एक शब्द दोन तोंडांतून आला की हे तो चोरीचा समजणार, पुन्हा कडी लावणार, आणि या खेपेला उघडायला मी असेनच असं नाही. म्हणून या कागदान्वये लिहून ठेवते: नवा शब्द धाकटीचा एकटीचा आहे. तिने तो मलाही सांगू नये, थोरल्यालाही नाही. तिची अडचण असेल तेव्हा तिने थोरल्याला समोर बसवून रीतसर बदलून द्यावा. आणि बदलताना तिला जे वाटेल, ते कोणाला तरी मोकळेपणाने सांगावं. एकटीने गिळू नये.

७. माझी शुश्रूषा बाहेरच्या खोलीत व्हावी. पलंग यांच्या दारासमोर लावावा. दार उघडं असतं तेव्हा हे मला दिसतात.

८. मी गेल्याचं यांना सांगू नये. त्यामागचं कारण कालचं आहे. हे दारापर्यंत येऊन माझ्या पलंगाकडे बघत उभे राहिले. आजारी पाहुणीची विचारपूस करावी तसं म्हणाले, "बरं वाटतंय का बाई? आमची ही अजून कामावरून आली नाही. तुम्हाला दिसली तर पाठवून द्या."

मी विचारलं, "त्यांना नवा शब्द ठाऊक आहे का?"

"तिला?" हे हसले. "तिला कशाला विचारीन मी शब्द? ती सरळ आत येते."

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे, आणि तो खरा म्हणून खालील दोघांच्या देखत मी सही केली. त्यांनीही माझ्या देखत केली.

सही: लिहून ठेवणारी, यांची पत्नी

साक्षीदार पहिला: खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य (सही)
साक्षीदार दुसरी: दवाखान्यातून रोज येणारी परिचारिका (सही)

स्थळ: राहतं घर, बाहेरची खोली
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तो