अक्का, कानच तर होता

लवळे, १९८४

प्रिय अक्का,

आज सुनीताला पौडच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. तुझ्या लेकीचा कान खाजत होता. हे तुला नाही सांगायचं तर कुणाला?

केसातला आकडा कानात फिरवताना तिला पाहिलं. आकडा हिसकावला, तशीच तिला एस.टी.त बसवलं. दाजींनी दुसरं लग्न केल्यापासून ती माझ्याकडेच आहे. पाचवीत गेली यंदा.

तुझंही खाजण्यानंच सुरू झालं ना गं? सासरी, भरे गावात भातलावणी चालू होती. दिवसभर भिजायचीस, कान ओलेच राहायचे. बांधावर बसलीस की आकड्यानं कोरायचीस. सासूबाई लसूण घालून कढवलेलं तेल कोमट करून कानात ओतायच्या. मायेनंच करायच्या, मी त्यांना बोल लावत नाही. पण तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, पुन्हा खाज. मी दवाखान्यात चल म्हणाले, तर हसलीस.

"कानच हाय गं. कानानं का कुनी मरतंय?"

मग कान फुटला. पू वाहत होता, तरी बोळा घालून, पदर ओढून तू खाचरात उतरायचीस. एकदा तरी दुखतंय म्हणून बसायचं होतंस! दिवाळीनंतर ताप चढला, मान वळेना, माणसं ओळखेनाशी झालीस. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तर पू मेंदूपर्यंत गेलाय, उशीर झालाय, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तू गेलीस. सुनीता तेव्हा जेमतेम चालायला लागली होती.

आज डॉक्टरांनी बॅटरी लावून तिच्या कानात पाहिलं. बुरशी आहे म्हणाले. कुणाचा मळ वाळून घट्ट होतो, कुणाची कातडी कोरडी पडते, कुणाला कानातल्याचा धातू सोसत नाही. कानात पाणी राहिलं की बुरशी धरते. खाज सगळ्यांना सारखीच, औषध मात्र वेगळं. त्यांनी कापसानं कान अलगद साफ केला, थेंब दिले. कान कोरडा ठेवा, तेल ओतू नका, आकडा, काडी काही घालू नका, पडदा फाटतो, एवढंच बजावलं. पंधरा दिवसांत बरा होईल म्हणे.

एवढंच होतं, अक्का. एवढंच!

येताना एस.टी.त सुनीतानं विचारलं, "मावशी, आयचा कान पन असाच खाजत व्हता?"

"व्हय."

"मग तिला का न्हाई नेलं?"

काय सांगायचं होतं मी? लावणी होती म्हणून?

तुला शब्द देते. दुखलं की दुखतंय म्हणायचं, एवढं तुझ्या लेकीला नक्की शिकवीन. घरात पाहुणे असोत, नाहीतर शेतात माणसं खोळंबलेली असोत. उद्या ती सासरी गेली, तर त्या उंबऱ्यावर उभी राहूनही सांगेन, ही दुखतंय म्हणाली की आधी दवाखाना, मग काम. मला तोंडाळ म्हणोत बापडे.

तुझी धाकटी,
कमल