‘सुहैर ३’ छापलेल्या पाच सर्किट बोर्डांबाबत

प्रति,
मा. मुख्य तपासणी अधिकारी,
परदेशी पार्सल तपासणी कक्ष,
धक्का रस्ता, दुसरा मजला.

अर्जदार: ज़करिया मुतवल्ली, वय ६७, निवृत्त रेडिओ-टीव्ही दुरुस्ती कारागीर, राहणार कफ्र अबू-शनब, दमनहूरजवळ.

विषय: चीनहून मागवलेले, ‘सुहैर ३’ असे छापलेले पाच कोरे सर्किट बोर्ड ताब्यात मिळण्याबाबत.

संदर्भ: १) पार्सल आल्याची आपली चिठ्ठी, दि. ६ एप्रिल २०२५.
२) खिडकी क्र. ४ वर दि. ७, १०, १५, २७ व ३० एप्रिल रोजी मी स्वतः हजर राहिलो ते.
३) ‘जुने निकामी बोर्ड, दोन नग’ अशी जप्तीची पावती, दि. १५ एप्रिल.

महोदय,

१. विनंती अशी की वरील पार्सलात तळहाताएवढे पाच हिरवे बोर्ड आहेत. त्यांवर एकही भाग बसवलेला नाही. नुसती भोके आणि तांब्याच्या रेघा. भाग मी घरी सोल्डरिंग करून बसवतो. हे बोर्ड बोलत नाहीत, ऐकत नाहीत, हवेतून काही पाठवत नाहीत. खिडकी क्र. ४ चे उस्ताज़ शौकी यांनी एक बोर्ड उजेडासमोर धरून “यात मेंदू कुठं आहे?” असे विचारले होते. त्याचे उत्तर तेव्हा नीट देता आले नाही, म्हणून आता लेखी देतो: मेंदू नाही. तो माझ्या घरी डब्यात आहे.

२. बोर्ड कशासाठी ते सांगतो. माझी पत्नी सुहैर गच्चीवर बदके पाळत असे. सोळा वर्षांपूर्वी मी तिला जुन्या फ्रिजच्या खोक्यातून अंडी उबवण्याचे यंत्र करून दिले. आतली ऊब राखणे आणि दर चार तासांनी अंडी कलती करणे ही दोन कामे त्यातला बोर्ड करी. पहिला बोर्ड मी घरीच केला. तांब्याच्या पत्र्यावर नकाशा इस्त्रीने उतरवायचा, रेघा पक्क्या शाईच्या पेनाने गिरवायच्या आणि मग पत्रा औषधात बुडवायचा. शाईखालचे तांबे राहते, बाकीचे विरघळते. इस्त्री सुहैरची होती, ती बिघडली. औषध तिच्या मोरीत ओतले, मोरीला पिवळा डाग पडला, तो अजून आहे. ती म्हणाली, “इस्त्री माझी जाळलीस, ज़करिया, आता निदान नाव तरी माझं घाल.” मी पेन तिच्याच हातात दिले. त्या वर्षी ती मोठ्या बायकांच्या साक्षरता वर्गाला जात होती आणि नाव लिहायला नुकतीच शिकली होती. तिने कोपऱ्यात नाव लिहिले, मी शेजारी एक आकडा घातला. तो ‘सुहैर १’.

३. घरच्या बोर्डावर हिरवा लेप नसतो. यंत्रात पाण्याचे ताट ठेवावे लागते, त्याच्या वाफेने तांबे सडते. ‘सुहैर १’ सहा वर्षांनी गेला. ‘सुहैर २’ मी एकट्याने केला, तो या जानेवारीत गेला. त्याच महिन्याच्या १९ तारखेला सुहैर गेली. यंत्र पुन्हा चालू करायचे तर लेप असलेला बोर्ड हवा. हल्ली नकाशा पाठवला की चीनमध्ये तसे बोर्ड करून देतात, तेही इतके स्वस्त की टपालखर्च त्याहून जास्त पडतो. नकाशा काढायला मला दोन महिने लागले. पांढऱ्या अक्षरांना वेगळे पैसे पडत नाहीत, म्हणून कोपऱ्यात ‘सुहैर ३’ लिहिले. छंद म्हणून बोर्ड करणारा प्रत्येक माणूस कोपऱ्यात काही ना काही नाव घालतोच. त्यापलीकडे त्याचा अर्थ नाही.

४. यानंतर जे झाले त्यात पहिली चूक माझी आहे, ती लपवत नाही. सुहैरच्या बदकांपैकी मबरूका नावाची एकच म्हातारी मादी उरली आहे. अंडी नेहमी यंत्रातच जात, त्यामुळे त्यांवर बसणे तिला माहीतच नाही. या वसंतात शेजारच्या नरापासून तिने अकरा अंडी दिली. शेजारच्या उम्म सफवत म्हणाल्या, “ही तिची शेवटचीच समज, हाजी. यानंतर ती मुलूखियाच्या रश्श्यात घालायच्याच कामाची.” ६ एप्रिलला दुपारी आपली चिठ्ठी हाती पडली. पार्सल आले म्हणजे उद्या मिळणार, असे धरून मी त्याच दिवशी अकराही अंडी यंत्रात मांडली. एका बाजूला पेन्सिलीने फुली, दुसऱ्या बाजूला गोल, सुहैर करत असे तशी. बदकाच्या अंड्याला अठ्ठावीस दिवस लागतात. मांडलेले अंडे परत काढून ठेवता येत नाही. पार्सल हातात येईपर्यंत थांबायला हवे होते.

५. ७ एप्रिलला मी हजर झालो. माझ्या गावाहून आपली कचेरी मायक्रोबसने अडीच तास आहे. यंत्राला तात्पुरते एक जुने तापमानाचे बटण लावले आहे, ते अधूनमधून चिकटते. म्हणून उम्म सफवत यांना यंत्रासमोर बसवून आलो होतो. खिडकी उघडी होती, पण शिक्का ज्यांच्याकडे असतो ते आले नव्हते. उद्या या, असे सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशीही ते येणार नाहीत असे शिपायाने जिन्यात सांगितले, म्हणून मी १० तारखेला आलो.

६. १० एप्रिल. उस्ताज़ शौकी यांनी विचारले, एका यंत्राला बोर्ड पाच कशाला? मी सांगितले की कारखाना पाचाहून कमी करत नाही. एक मागितला तरी पाचच येतात. ते म्हणाले, “हाजी, बायको एक आणि बोर्ड पाच? शरियतसुद्धा चारवर थांबते!” रांग हसली. मीही हसलो. त्यांनी पुढे विचारले की उरलेल्या चारांचे काय करणार. मी खरे ते सांगितले, की कोणा छंदी माणसाला देऊन टाकीन. हे बोलायला नको होते. त्यांनी कागदावर ‘वाटपासाठी’ असे लिहिले आणि वाटप म्हणजे व्यापार, व्यापाराला परवाना लागतो, असे समजावले. मग त्यांची नजर नावावर गेली. “तीन म्हणजे? एक आणि दोन कधी आणलेत? कुठल्या बंदरातून?” मी म्हणालो, मोरीतून. त्यांना ते आवडले नाही. दोन्ही बोर्ड पुराव्यादाखल घेऊन या म्हणाले. त्या दिवशी मी घरी पोहोचेपर्यंत बटण चिकटले होते. उम्म सफवत गॅसवरची घेवड्याची उसळ बघायला दहाच मिनिटे उठल्या होत्या. आत एक्केचाळीस अंश झाले होते. दोन दिवसांनी मोबाइलच्या उजेडासमोर धरून पाहिली, तेव्हा चार अंड्यांच्या आतल्या शिरा पुसून गेल्या होत्या. राहिली सात.

७. १५ एप्रिलला मी ‘सुहैर १’ आणि ‘सुहैर २’ रुमालात गुंडाळून आणले. ते घरीच केलेले आहेत हे उस्ताज़ शौकी यांना पाहताक्षणी पटले, आणि तसे ते मोठ्याने म्हणालेही. परंतु एकदा ते खिडकीच्या आत गेल्यावर त्यांची नोंद करणे भाग होते, आणि नोंद करायची तर ती विनाकागदपत्र आलेले विजेचे सामान अशीच करता येते, दुसरा रकाना नाही. दोन्ही बोर्ड जप्त झाले. पावतीवर सरकारी गरुडाचा शिक्का आहे. उस्ताज़ शौकी वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, “काळजी करू नका काका, आमच्या कपाटातून काही हरवत नाही. बाहेरही पडत नाही, पण हरवत नाही.”

८. २१ तारखेला शम्म-अन-नसीम या वसंताच्या सणाची सुट्टी होती. उम्म सफवत अंडी रंगवत होत्या. मला म्हणाल्या, “तुझी सातही दे इकडे, हाजी. लाल-पिवळी करून खाऊ, तुझा जीव तरी सुटेल.” मी दिली नाहीत. त्या दिवसांत मी घड्याळ लावून दर चार तासांनी उठत होतो, फुलीवरून गोलावर आणि गोलावरून फुलीवर. बोर्ड हेच काम करतो. माणसालाही ते करता येते, फक्त त्याला मग दुसरे काही करता येत नाही, आणि आपल्या कचेरीत तर मुळीच येता येत नाही.

९. २७ एप्रिलला आलो, तेव्हा नवा अर्ज भरायचा होता. त्यात ‘वापर’ या रकान्यात मी ‘बदकाची अंडी’ असे लिहिले. खोटे लिहिणे जमले नाही. पक्ष्यांचा संबंध आल्याने प्रकरण पशुवैद्यकांकडे गेले. डॉ. नाजी तिसऱ्या मजल्यावर बसतात. त्यांनी पाचही बोर्ड तपासून त्यांवर पिसे, विष्ठा अथवा रोगाची लक्षणे आढळत नाहीत असा दाखला दिला. दाखला देताना ते म्हणाले, “बाबा, बावीस वर्षांच्या नोकरीत इतका निरोगी प्राणी मी पाहिला नाही.” दाखला सोबत जोडला आहे. तो मिळायला तीन वाजले. त्याच दुपारी गावात पाच तास वीज नव्हती. उम्म सफवत यांनी अंड्यांवर स्वतःची शाल घातली होती. दोनच वाचली.

१०. ३० एप्रिलला मला कळवण्यात आले की व्यापाराचा मुद्दा आता मिटला आहे, पिसांचा मुद्दाही मिटला आहे. उरला तो नावाचा. मालावर नाव छापलेले असले की तो ब्रँड होतो आणि ब्रँडच्या मालकाचे संमतिपत्र लागते. मी सांगितले, सुहैर माझी पत्नी, ती वारली. उस्ताज़ शौकी उठून उभे राहिले, अल्लाह तिच्यावर रहम करो म्हणाले, रांगेतलेही म्हणाले. मग ते बसले आणि म्हणाले, की अशा वेळी मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला आणि मयत मालकाच्या हस्ताक्षरातील सहीचा नमुना लागतो, म्हणजे छापलेले नाव तिचेच आहे हे ताडून पाहता येईल. पहिले दोन दाखले काढले आहेत. आम्हाला मूलबाळ नाही. मी आणि तिची एक बहीण इतकेच वारस आहोत. बहिणीची हरकत नाही, असे तिने अंगठ्यानिशी दिले आहे.

११. सहीच्या नमुन्यासाठी मी चार दिवस घर उलथेपालथे केले. लग्नाच्या कागदावर सुहैरचा अंगठा आहे. ओळखपत्राच्या अर्जावर अंगठा आहे. दवाखान्याच्या कागदांवर मी सही केली आहे, कारण तेव्हा तिचा हात उचलत नव्हता. साक्षरता वर्ग तिने दोन महिन्यांत सोडला, बदकांना वेळ पुरेना म्हणून. वर्गाची वही रद्दीबरोबर उम्म सफवत यांच्या घरी चुलीत गेली असावी, असे त्या स्वतःच म्हणतात, आणि ते सांगताना रडल्या. बायकोने जन्मात काही लिहून ठेवले असेल तर ते कुठे आहे, हा विचार मी यापूर्वी कधी केला नव्हता. आपल्या कचेरीने विचारले म्हणून केला.

१२. ४ मे रोजी अठ्ठावीस दिवस भरले. एका अंड्याला भोक पडले आणि तिथेच थांबले. दुसऱ्यातून पिल्लू बाहेर आले. पिवळे आहे, पाठीवर काळा ठिपका आहे.

१३. तरी आता माझे मागणे पूर्वीपेक्षा कमी आहे. पाच नवे बोर्ड द्यायचे नसतील तर देऊ नयेत. नियमाप्रमाणे नष्ट करावेत. ते माझ्या समोर नष्ट करायचे असतील तर मी येईन आणि जिथे सांगाल तिथे सही करीन. नकाशा माझ्याकडे आहे. पुन्हा मागवीन, आणि या वेळी कोपरा कोरा ठेवीन. ‘सुहैर २’ हाही ठेवून घ्यावा, त्यावरचे अक्षर माझे आहे. फक्त ‘सुहैर १’ मला परत मिळावा. तो जळका आहे, सडका आहे, सरकारच्या काही उपयोगाचा नाही. त्याच्या डाव्या कोपऱ्यात तांब्यात तिच्या नावाची चार अरबी अक्षरे आहेत, थोडी वाकडी, शेवटचे जरा खाली घसरलेले. कपाट उघडाल तेव्हा त्यावरून ओळखता येईल. पुसायचा झालाच तर कोरड्या फडक्याने पुसावा.

१४. एक किरकोळ बाब. पिल्लाने डोळे उघडल्यावर मलाच पाहिले, त्यामुळे ते माझा पाय सोडत नाही आणि मी दिसेनासा झालो की ओरडते. मबरूकाला ते ओळखत नाही. त्याला एकटे ठेवून अडीच तासांवर येणे मला शक्य होणार नाही. पुढच्या वेळी बोलावणे आल्यास ते बुटाच्या खोक्यात घालून सोबत आणीन. दारावरच्या शिपायास तशी कल्पना द्यावी. त्याच्यासाठी डॉ. नाजी यांचा वेगळा दाखला लागत असेल तर आधी कळवावे, म्हणजे एकाच फेरीत दोन्ही कामे होतील.

आपण कपाट उघडण्याची वाट पाहणारा,

ज़करिया मुतवल्ली
(स्वतःच्या हाताने लिहून सही केली आहे)
कफ्र अबू-शनब, दि. ७ मे २०२५

सोबत जोडलेली कागदपत्रे:
१) पार्सलाच्या चिठ्ठीची प्रत.
२) बोर्डांवर पिसे नसल्याचा दाखला, डॉ. नाजी.
३) पत्नीच्या मृत्यूचा दाखला व वारसाचा दाखला, दोन्हींवर गरुडाचा शिक्का.
४) मेहुणीचे हरकत नसल्याचे पत्र, अंगठ्यासह.
५) जप्तीच्या पावतीची प्रत.
६) मयत मालकाच्या सहीचा नमुना: जोडता आलेला नाही. एकच होता, तो दि. १५ एप्रिलपासून आपल्या कपाटात आहे.