दाढेनंतरची गोळी

चि. दातकाढू भावास, थोरल्या बहिणीचे सालं निघालेल्या हातांनी भरपूर आशीर्वाद. तुझी तब्येत विचारत नाही, कारण तू 'बरी आहे' असंच सांगणार. माझी मात्र खरोखर बरी आहे, आणि ती कशी बरी झाली हे सविस्तर कळवावं म्हणून लिहिते. (तू फोन उचलत नाहीस, म्हणूनही.)

तू माझी दाढ काढलीस ती उत्तम काढलीस, तक्रार नाही. घरी येऊन तू दिलेली अँटिबायोटिकची गोळी घेतली, आणि दुसऱ्या दिवशी छापखान्यात प्रुफं तपासताना मान चुरचुरायला लागली. संध्याकाळपर्यंत ताप चढला. मान, काखा, जांघा लालभडक, आणि त्यांवर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे फोड, शेकड्यांनी. जन्मभर लोकांचे फालतू अनुस्वार खोडत आले, ते सगळे एकजुटीने माझ्यावर चाल करून आले असं वाटलं. ह्यांनी परस्पर कांजिण्या ठरवून टाकल्या आणि माझं ताट दारातून आत सरकवू लागले (पायाने, हे मी विसरणार नाही). शेजारीण दारातूनच "कसं वाटतंय?" विचारायची, आणि मी उत्तर देईपर्यंत जिना उतरलेली असायची.

शेवटी लेकीने मला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी भिंगातून पाहिलं, पू तपासायला पाठवला आणि विचारलं, "नवीन औषध कोणतं घेतलंत?" मी तुझी गोळी दाखवली. तपासणीनंतर म्हणाल्या, हे त्या गोळीनेच आलंय, फार क्वचित कुणाला येतं; पू आहे पण त्यात जंतू नाहीत, कुणाला लागायचं नाही; ही गोळी बंद, पुन्हा जन्मात घ्यायची नाही. मी विचारलं, "आधी ओळखता आलं असतं का?"

"नाही. मी असते तरी हीच दिली असती."

हे वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं, तुझ्यासाठी.

गोळी थांबल्यावरही एक-दोन दिवस वाईट गेले. आरशात चेहरा ओळखू येईना, आणि मला खरंच भीती वाटली. त्यातल्याच एका दुपारी तू आलास, दारात उभा राहिलास आणि तसाच परत गेलास. तुला वाटलं मी झोपलेय. मी जागी होते रे. हाक मारायची होती, पण ओठ इतके सुजले होते की शब्द फुटेना.

मग ताप उतरला, फोड सुकले आणि अंगाची सालं निघायला लागली. माझ्या खुर्चीखाली रोज झाडू मारावा लागे. आता खालून नवी कातडी आलीय, इतकी गुळगुळीत की हे चोरून बघतात. (बघू देत. ताट हातात देतात हल्ली.)

घरात सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझी,
नव्या कातडीतली जुनीच ताई

ता. क. तुझी बायको म्हणाली, त्या दुपारपासून तू दवाखान्याचं शटर वर केलेलं नाहीस. एवढं लांबलचक पत्र तेवढ्यासाठीच.

आणखी एक ता. क. लेकीची अक्कलदाढ ठणकतेय. दुसऱ्या कुणाकडे जायला ती तयार नाही, आणि मी पाठवणारही नाही. सोमवारी सकाळी दोघी येतोय. शटर बंद असलं तर पायरीवर बसू, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तिचा सुजलेला गाल दाखवून तुझी चौकशी करू. गोळी कोणती द्यायची ते तू ठरव. मी विचारणार नाही.