बेलावरचं चुन्याचं बोट

भिलाई,
१२ मार्च १९५८

प्रिय कलावती,

क्वार्टर केव्हा मिळणार, हा तुझा प्रश्न दर पत्रात असतो. मिळालं बाई! दोन खोल्या, नळ अंगणात. पण आधी फुलपाखराचं ऐक, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घे.

आमचा रशियन इंजिनिअर जाताना मला कॅमेरा देऊन गेला, हे लिहिलं होतंच. सोबत लेन्समागे बसवायच्या कड्याही दिल्या. त्या लावल्या की नखाएवढी वस्तू काचभर दिसते, पण नुसता श्वास घेतला तरी चित्र बिघडतं. मग काय, रोज सकाळी सर्व्हेच्या कामाआधी तुझा नवरा शेजारच्या रुआबांधा गावच्या शेतात पोटावर पालथा! मजुरांना वाटतं, बाबूचं काहीतरी हरवलं आहे.

तिथे ठकूबाई नावाची एकटी म्हातारी राहते. तिचं शेत कारखान्याच्या कॉलनीत गेलं. राहिली झोपडी आणि एक मोठा बेल. पानं देवळात, फळं दुर्गच्या बाजारात, त्यावर तिचं पोट. बेल आखणीच्या दोन पावलं बाहेर आहे, हे मीच दोनदा मोजून तिला सांगितलं होतं. त्या दिवशी तिने मला बेलाचं सरबत पाजलं.

त्याच बेलाच्या खोडावर मला एक कोष सापडला. सालीच्याच रंगाचा, नजर हलली की हरवणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी फुलपाखरू बाहेर येणार, तेव्हा शोधत बसायला नको म्हणून मी सर्व्हेच्या बादलीतलं चुन्याचं एक बोट कोषाखाली ओढलं. आमच्याकडे तोडायच्या झाडांनाच चुना लावतात. मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? मीच तर लावत फिरतो. पण तेव्हा डोक्यात नुसतं फुलपाखरू होतं.

ऊन चढायच्या आत काम उरकावं म्हणून तोडणारी टोळी पहाटेच आली होती. मी पोचलो तेव्हा बेल आडवा होता. त्याच्यावर ते काळं-पिवळं फुलपाखरू पंख वाळवत बसलेलं. कलावती, मी फोटो काढला. ठकूबाई शेजारी बसली होती, तरी काढला. फार लाज वाटते.

काल संध्याकाळी ती माझ्याकडे आली. झाडावर खूण कुणी केली, त्याचं नाव तिला सरकारला विचारायचं आहे. आणि तिच्या ओळखीचा लिहिता बाबू मी एकटाच. “तैं लिख दे बाबू, मैं अंगठा लगा देहूं,” म्हणाली, आणि कोऱ्या कागदावर अंगठा उमटवूनच गेली. नाव लिहिलं तर माझी कच्ची नोकरी जाईल, क्वार्टरही जाईल. न लिहावं, तर तिच्याच अंगठ्यावर मी खोटं लिहीन. उद्या सकाळी ती कागद न्यायला येईल. हे पत्र तुला मिळायला तीन दिवस लागतील, म्हणजे तुला विचारून उपयोग नाही हे मला कळतं. तरी विचारतो आहे. सामान मात्र इतक्यात बांधू नकोस. दुपारपासून तो कागद समोर घेऊन बसलो आहे, आणि ‘साहेबांस विनंती’ यापुढे माझा हात चालत नाही.

तुझाच,
पुंडलिक