खांबांचा नकाशा आणि त्याचे लाभ

२ मार्च

आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार, कुणाला दाखवणार नाही.

साहेबांनी बोलावून सांगितलं की नगरपालिकेने जीआयएस घेतलं आहे. म्हणजे शहरातली एकेक वस्तू कॉम्प्युटरच्या नकाशावर. कुठे पाइप, कुठे झाड, कुठे गटार, सगळं खुर्चीत बसून दिसणार. सुरुवात रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांपासून. नकाशा कक्षाचा प्रभारी मी. प्रभारी म्हणजे तात्पुरता, हे साहेबांनी दोनदा सांगितलं. ३० एप्रिलला समितीची बैठक. खर्चापेक्षा फायदा जास्त दाखवला तर कक्ष कायम, मी कक्षप्रमुख, आणि दार असलेली केबिन. नाही दाखवला तर मशिनं परत आणि मीही परत, जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर.

माझीच निवड का, हे विचारलं नाही. गुण लपत नाहीत. बाकीचे दोघं रजेवर होते हा योगायोग.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी स्वयंपाकघरातली ट्यूब बदला, तीन महिने फडफडतेय. मोठ्या कामाला निघालेल्या माणसाला घरातून असं पाठबळ मिळतं.

५ मार्च

ट्रेनिंग. कंपनीच्या ट्रेनरबाई आल्या होत्या. फोनमधलं अ‍ॅप उघडायचं, खांबावर रंगवलेला नंबर टाकायचा, हिरवं बटण दाबायचं. आपण कुठे आहोत ते फोन आपलं आपण टिपून घेतो. बटण खांबाच्या बुडाशी उभं राहून दाबायचं, असं बाई चार वेळा म्हणाल्या. चार वेळा का, कळलं नाही. जेवणानंतरचा भाग मी डोळे मिटून ऐकला. तसं जास्त आत उतरतं.

कात्री शेवटच्या रांगेत बसले होते. कात्री म्हणजे आमचे लेखापाल. समोर खर्च आला की हात शिवशिवतात. त्यांनी बाईंना विचारलं, याचा फायदा किती. बाई म्हणाल्या, तो हळूहळू कळतो. कात्री म्हणाले, खर्च मात्र लगेच कळतो.

संकल्प: रोज पन्नास खांब. पहाटे निघायचं. चालणंही होईल, पोटही आत जाईल.

६ मार्च, सकाळी पावणेअकरा

पहाट निसटली. उद्या.

७ मार्च

निघालो. ऊन फार. तीन खांब झाले. चौथ्याखाली कुत्रं झोपलं होतं. आम्ही बराच वेळ एकमेकांकडे बघितलं. ते आधीपासून तिथे, म्हणून मीच समजूतदारपणा दाखवला. टाच सोलली आहे.

संध्याकाळी एक विचार सुचला. सगळ्या खांबांचे नंबर वीजबिलाच्या यादीत आहेतच. सहाशे बारा. यादी घरी आणली की नंबर टाका, बटण दाबा. खांब काही पळून जात नाहीत. उन्हात हिंडून ते जागेवर आहेत का बघणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास.

१० मार्च

सोफा, पंखा, पाय स्टुलावर. दुपारपर्यंत एकशे चाळीस खांब. बायको म्हणाली, ऑफिस नाही का. मी म्हणालो, हेच ऑफिस. ती स्टूल घेऊन गेली.

११ मार्च

हॉलमध्ये उकडतं म्हणून फ्रिजला टेकून बसलो. एकशे सत्तर. काही न्हाणीघरातही उरकले. वेळेचा सदुपयोग.

१४ मार्च

सहाशे बारा पूर्ण. ट्रेनरबाईंनी दोन महिने लागतील म्हणून सांगितलं होतं. साहेबांनी उठून हात मिळवला. सगळ्या स्टाफसमोर. फार बरं वाटलं. अहवालात फायदा क्रमांक एक: वेळेची बचत.

कात्री चष्म्यावरून बघत होते. जळतात.

१८ मार्च

तक्रार सेवा सुरू. दिवा गेला की नागरिकाने खांबाचा नंबर कळवायचा. सिस्टिम नकाशात त्या खांबाची जागा शोधते आणि शिडीची गाडी तिथे पाठवते. वायरमनने तिथल्या पेटलेल्या दिव्याचा फोटो टाकला की तक्रार बंद. मध्ये माणसाची लुडबूड नाही.

पहिली तक्रार कुणाची, तर माझ्या सासरेबुवांची. मागच्या गल्लीत राहतात. घरासमोरचा दिवा गेलाय. जावयाची परीक्षा घेण्याची एक संधी सोडत नाहीत.

१९ मार्च

सकाळीच शिडीची गाडी आमच्या दारात. वायरमन म्हणाला, इथला दिवा गेलाय अशी तक्रार आहे. बायको म्हणाली, हो, तीन महिने झाले, आणि त्याला सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेली. नवी ट्यूब बसली. त्याने फोटो काढला आणि गेला.

मी कुणालाही सांगितलं नव्हतं. पद आलं की यंत्रणा आपोआप हलते, हे ऐकून होतो. आज पाहिलं.

सासरेबुवांचा फोन. त्यांच्या मोबाइलवर निरोप आलाय की तुमच्या तक्रारीचं निवारण झालं, आणि समोर तर काळोख. मी म्हणालो, सिस्टिम खोटं बोलत नाही, डोळे तपासून घ्या.

२४ मार्च

आज तीन वेळा गाडी आली. गॅलरी, न्हाणीघर, माळा. माळ्यावर दिवा लागल्यावर लग्नात आलेली एक सुटकेस सापडली, ती आजवर आम्ही चोरीला गेली समजत होतो. बायको माझ्याशी चांगलं बोलते आहे.

ऑफिसात आकडे उत्तम. तक्रार आल्यापासून दिवा लागेपर्यंत सरासरी दोन तास. फायदा क्रमांक दोन. कात्रींनी फोटो मागवून पाहिले. म्हणाले, या रस्त्यावरच्या दिव्यामागे बरण्या दिसतात. मी म्हणालो, दाट वस्ती आहे.

२ एप्रिल

सासरेबुवा फिरून परतताना काळोखात चुकून पलीकडच्या गल्लीतल्या एका घरात शिरले. तिथे पाहुणे आलेले, त्यांना वाटलं हे यजमानांचे कुणी, यजमानांना वाटलं हे पाहुण्यांपैकी. आग्रहाने वाढलं. जेवून, बातम्या बघून, आपली चादर कुठे ठेवली असं विचारल्यावर उलगडा झाला. सासूबाईंना म्हणाले, जेवण बरं होतं. आता दोघं बोलत नाहीत.

अकरावी तक्रार नोंदवली त्यांनी. दुपारी आमच्याकडे शिडीची गाडी.

९ एप्रिल

मोठ्या रस्त्यावरचे निम्मे दिवे बंद, असं लोक म्हणतात. लोकांना काय, नावं ठेवायला फक्त जीभ लागते. तरी पण वीजबिल खाली आलंय, हे कात्रींच्याच कागदावर आहे. फायदा क्रमांक तीन: वीजबचत.

आमच्या घरी आता दिवा लावायला जागा उरलेली नाही. कपाटात लावलाय. वॉशिंग मशिनच्या मागे लावलाय. वायरमन आता मिक्सर आणि इस्त्री दुरुस्त करतो आणि जाताना कुठल्या तरी दिव्याचा फोटो काढतो. आज चहा घेताना दबकत म्हणाला, साहेब, सिस्टिम रोज इथेच का पाठवते, कुणाला तरी विचारायला हवं. मी म्हणालो, विचारू नका, वरचे लोक बघताहेत. वरचे म्हणजे कोण ते मलाही माहीत नव्हतं, पण सांगताना छान वाटलं.

१७ एप्रिल

आज अंगणात खांब उभा केला. खरा, लोखंडी, रस्त्यावर असतो तसा. वायरमन म्हणाला, मशिनमध्ये या पत्त्यावर शेकड्यांनी खांब दाखवतंय, एक तरी असू दे, उद्या तपासणी आली तर मी काय दाखवू.

मी समजलो. मानाचा खांब. कक्षप्रमुखाच्या दारात असावाच लागत असेल. शेकड्यांनी वगैरे वायरमनला कळत नाही, त्याला आकडे वाचता येत नसावेत. बायकोने खांबाला दोरी बांधून कपडे वाळत घातले. पदाची शान म्हणून कुणाला काही कळत नाही या घरात.

२९ एप्रिल

उद्या बैठक. भाषण आरशासमोर तीन वेळा म्हटलं. घरात इतका उजेड आहे की टक्कल नको तितकं दिसतं. केबिनच्या दारावर पाटी पितळी की लाकडी, हे अजून ठरत नाही. जन्म-मृत्यू खिडकीवरच्या काचेच्या भोकात तोंड घालून परत कधी बोलायचं नाही, एवढं नक्की. अकरा वर्षं त्या भोकातून बोललो.

३० एप्रिल, संध्याकाळ

काय झालं ते नीट लिहितो.

भिंतीवर मोठा पडदा. समिती, साहेब, कात्री, ट्रेनरबाई. मी फायदे वाचले. टाळ्या. मग म्हणालो, आता आपल्या शहराचे सहाशे बारा दिवे बघू, आणि बटण दाबलं. नकाशा आला. शहर काळं, आणि एका कोपऱ्यात फक्त एक पिवळा ठिपका.

मी म्हणालो, ही सुरुवात आहे, बाकीचे हळूहळू येतील. ट्रेनरबाई म्हणाल्या, सगळे आलेत. कात्री म्हणाले, जरा मोठं करून दाखवा. बाईंनी मोठं केलं. मग आणखी मोठं केलं. एक छप्पर दिसलं. छान दिसत होतं, ओळखीचं वाटत होतं.

तीन खांब रस्त्यावर होते. बाकी सगळे त्या छपराखाली. कात्री उठून पडद्याजवळ गेले आणि सावकाश वाचायला लागले. पुढच्या बाजूला इतके. मागच्या भिंतीपाशी इतके. एका छोट्या खोलीत चोवीस. ही कसली खोली, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, न्हाणीघर. समितीच्या एका बाईंनी पदर तोंडाला लावला. मग ट्रेनरबाईंनी, कुणी विचारलं नसताना, प्रत्येक नोंदीची वेळ दाखवली. सगळ्या ऑफिसच्या वेळेतल्या.

मी म्हणालो की फोनमध्ये दोष असावा. तेवढ्यात साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी बसलो.

दीड महिना शिडीची गाडी आमच्याच दारात का येत होती, ते बसल्यावर कळलं. शहराच्या दिव्यांचा सगळा साठा माझ्या घरात जळतोय. सासरेबुवा काळोखात चाचपडत होते आणि मी त्यांना डोळे तपासा म्हणालो होतो. फार लाज वाटली. घरी आलो तर लांबूनच घर दिसलं. कुणाला पत्ता सांगायची गरज नाही.

२ मे

योजना मंजूर. पूर्ण खर्चासह.

चमत्कार म्हणजे ती कात्रींनी मंजूर करून घेतली. समितीसमोर म्हणाले, एवढी वर्षं हिशेब तपासतोय, पण कर्मचारी ऑफिसच्या वेळेत नेमका कुठे असतो हे खरं सांगणारी वस्तू पहिल्यांदा पाहिली. न्हाणीघरापर्यंत अचूक सांगते. खर्च वसूल आहे. आता सगळ्या स्टाफच्या फोनवर अ‍ॅप. कोण कुठे आहे ते नकाशावर ठिपक्याने दिसणार, आणि पारदर्शक कारभार म्हणून नागरिकांनाही दिसणार.

कात्रींसारख्या माणसाचं मन वळवणं सोपं नव्हतं. ते माझ्यामुळे वळलं, हे कुणी नाकारू शकत नाही. पण ऑफिसात माझ्याशी कुणी बोलत नाही. दुपारी झोपायला घरी जाणारे तर अजिबात नाहीत. माझ्या डब्यावर कुणीतरी फाइल ठेवून त्यावर बसलं होतं.

कक्षप्रमुख ट्रेनरबाई. खिडकी दुसऱ्या कुणाला देऊन झाली. मला फील्ड. सहाशे बारा खांब, पायी, बुडाशी उभं राहून. ट्यूबा आणि दिवे परत द्यायचे. खांबही. बायको म्हणाली, खांब जाऊ दे, माळ्यावरचा तेवढा ठेवता येतो का बघा.

११ मे, दुपार

दोनशे तीन झाले. काल सासरेबुवांच्या दारातला नोंदवला. त्यांनी खिडकीतून बघितलं, खाली आले, आणि मी खरंच बुडाशी उभा आहे का हे वाकून तपासलं. रात्री दिवा लागला. सासूबाई त्यांच्याशी बोलल्या म्हणे. मला बरं वाटलं, पण त्यांना सांगितलं नाही.

संकल्प: आता यापुढे रोज चाळीस. आज नऊ झाले आहेत. बागेच्या बाकावर पाच मिनिटं टेकलो, टाचेसाठी.

आत्ताच बायकोचा फोन. म्हणाली, अर्धा तास ठिपका बागेत आहे, उठा. आणि डाव्या हाताला दुकान दिसतंय तिथून दूध घ्या, पुढच्या वळणावर साबण, मग सरळ कोपऱ्यावरून बाबांची औषधं. मी विचारलं, तुला एवढं कसं कळतं. तिने ऑफिसात फोन करून शिकून घेतलंय, कात्रींनी स्वतः शिकवलं. योजनेचे आभार मानणारं नागरिकांचं पहिलं पत्र तिचं आहे. साहेबांनी ते नोटीस बोर्डावर लावलं आहे.

दूध एक लिटर की दोन, विचारायचं राहिलं. तिचाच फोन येतोय. पुन्हा बसलेला दिसलो असेन.